शेजाऱ्याच्या श्वासाचा शोध : कार्ल सेगन

१४ सप्टेंबर २०२० ला एक बातमी जगभर गाजली. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या जेन ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या टीमने जाहीर केलं की शुक्राच्या ढगांत फॉस्फीन नावाचा वायू सापडला आहे. प्रमाण किती? तर एक अब्ज रेणूंमध्ये साधारण वीस! पण तेवढ्यानेच खळबळ उडाली. कारण पृथ्वीवर फॉस्फीन एकतर कारखान्यात बनतो (धान्याच्या गोदामात कीड मारायला ज्या गोळ्या ठेवतात, त्यातून निघतो तो हाच), नाहीतर ऑक्सिजन नसलेल्या चिखलात, दलदलीत, जिथे जिवाणू असतात तिथे आढळतो. शुक्रावर गोदाम तर नाही. मग उरलं काय? मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या वर्गात शुक्रावरच्या एलियन्सची चित्रं सुद्धा काढून झाली होती.

पण या लेखाचा नायक फॉस्फीन नाही. या बातमीचा माग काढत मागे मागे जात राहिलं की एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं... कार्ल सेगन. परग्रहावर कुणीतरी असावं असं ज्याला सगळ्यात जास्त वाटत होतं, आणि तरीही तिथे कुणी नाही हे सांगण्यात जो अनेकदा सगळ्यात पुढे होता, असा हा माणूस. मला त्याची गोष्ट म्हणूनच सांगावीशी वाटते.

कार्लचा जन्म ९ नोव्हेंबर १९३४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील सॅम्युएल हे रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू स्थलांतरित, तयार कपड्यांच्या कारखान्यात काम करणारे. आई रेचेल. घरी पैसा बेताचाच. १९३९ साली आईवडिलांनी त्याला न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन दाखवायला नेलं आणि चार वर्षांच्या पोराच्या डोक्यात विज्ञान शिरलं ते कायमचं. थोडं वाचता यायला लागल्यावर तो लायब्ररीत गेला आणि त्याने 'स्टार्स'वरचं पुस्तक मागितलं. लायब्ररीयन बाईंनी त्याला सिनेमातल्या नटनट्यांचं पुस्तक दिलं! गैरसमज दूर झाल्यावर हवं ते पुस्तक मिळालं आणि त्यात त्याला कळलं की सूर्य हा सुद्धा एक तारा आहे, फक्त जवळचा. आणि बाकीचे तारे म्हणजे लांबचे सूर्य. मग त्या सूर्यांभोवतीही ग्रह असतील आणि त्या ग्रहांवर कुणीतरी असेल, हे त्याचं त्यानेच ठरवून टाकलं.

पुढे एडगर राइस बरोज यांच्या मंगळावरच्या कादंबऱ्या हाती लागल्या. त्यातला नायक जॉन कार्टर मोकळ्या माळावर उभा राहून मंगळाकडे हात पसरतो आणि थेट तिथे पोहोचतो. छोटा कार्लही रिकाम्या मैदानात हात पसरून उभा राहायचा आणि मंगळाला विनवायचा. मंगळाने काही त्याला नेलं नाही. पण हात पसरलेला तो मुलगा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यामुळेच अवघड होते.

१९५१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, कार्ल शिकागो विद्यापीठात दाखल झाला. पुढे तिथेच गेरार्ड कायपर हे गुरू मिळाले. शनीच्या टायटन या उपग्रहावर मिथेन आणि मंगळावर कार्बन डायऑक्साइड आहे हे याच कायपर यांनी १९४० च्या दशकात दाखवलं होतं. वर न जाता, दुर्बिणीत आलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम काढून! प्रत्येक वायू ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. स्पेक्ट्रममध्ये त्या जागी काळी रेघ दिसते. रेघेवरून वायू ओळखायचा, म्हणजे बोटाच्या ठशावरून माणूस ओळखण्यासारखंच. दुसऱ्या ग्रहाची हवा तपासायची ही विद्या सेगन यांनी इथे आत्मसात केली आणि १९६० मध्ये पीएच.डी. मिळवली.

आता शुक्राकडे येऊ. त्या काळी शुक्राबद्दल मोठा रम्य समज होता. ढगांनी झाकलेला ग्रह, म्हणजे खाली पाऊस, दलदल, जंगल. केमिस्ट्रीच्या पेपरात आपल्याला ज्यांचं समीकरण पाठ करावं लागतं ते आऱ्हेनिअस सुद्धा १९१८ मध्ये शुक्राला दलदलीचा ग्रह ठरवून मोकळे झाले होते. पण १९५६ मध्ये शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या गेल्या आणि तापमान आलं ३०० अंश सेल्सिअसच्या वर. अनेकांना हे पटेना. काही जण म्हणाले, ही उष्णता जमिनीची नाहीच, वरच्या थरातल्या इलेक्ट्रॉन्समुळे तसं भासतंय. म्हणजे खालचं जंगल वाचवायला एक वाट उरली होती.

सेगन पंचविशीतले, जीवसृष्टी शोधायला निघालेले. त्यांनी ही वाट घ्यायला हवी होती, नाही का? त्यांनी नेमकं उलटं केलं. शुक्राचे ढग सूर्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश प्रकाश परत पाठवतात, म्हणजे शुक्राला प्रत्यक्षात पृथ्वीपेक्षाही कमी उष्णता मिळते. मग एवढा ताप कशाने? सेगन यांनी गणित मांडलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांनी उष्णता कोंडून धरली तर जमीन इतकी तापू शकते. आज ज्याला आपण ग्रीनहाउस इफेक्ट म्हणतो आणि ईव्हीएसच्या प्रत्येक पेपरात लिहितो, तो एका अख्ख्या ग्रहाला भट्टी बनवू शकतो हे त्यांनी आकड्यांत दाखवलं.

फैसला केला मरिनर-२ या यानाने, १४ डिसेंबर १९६२ ला. युक्ती साधी होती. उष्णता वरच्या थरातली असेल तर ग्रहाची कड मध्यापेक्षा जास्त तेजस्वी दिसेल. जमिनीची असेल तर कड अंधुक दिसेल, कारण कडेकडून येणाऱ्या लहरींना जास्त हवा ओलांडावी लागते. कड अंधुक निघाली! पुढे १९७० मध्ये रशियाचं व्हेनेरा-७ तिथे उतरलं आणि उरलीसुरली शंकाही गेली. शुक्राचा पृष्ठभाग साधारण ४६० अंशांचा. शिसं वितळतं ३२७ ला. हवेचा दाब आपल्या नव्वद पट. जंगल संपलं. आणि ते संपवण्यात सेगन यांचा हात होता.

मला विचाराल तर सेगन यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण हाच. 'कॉसमॉस' नंतर आलं, प्रसिद्धी नंतर आली. जे हवं होतं त्याच्याच विरोधात गणित करायचं आणि उत्तर आलं की ते मान्य करायचं, हे आधी झालं. आपल्याकडे जर्नल पूर्ण करताना आधी ग्राफ काढून मग रीडिंग कशी 'बसवली' जातात, हे लॅब असिस्टंट काकांपासून कुणालाच नवीन नाही. म्हणून मला हे जास्त भावतं.

पण थांबा! त्यांनी आशा सोडली असं मात्र नाही. जमीन गेली तर ढग आहेतच की! शुक्राच्या जमिनीपासून सुमारे पन्नास किलोमीटर वर तापमान आणि दाब जवळपास आपल्यासारखेच होतात. १९६७ मध्ये सेगन यांनी हॅरॉल्ड मोरोविट्झ यांच्यासोबत 'नेचर'मध्ये शोधनिबंध लिहिला की या ढगांत हायड्रोजनच्या फुग्यासारखे तरंगणारे जीव असणं अशक्य नाही. २०२० ची फॉस्फीनची बातमी हे याच कल्पनेचं नातवंड! पुढे १९७० च्या दशकात कळलं की ते ढग पाण्याचे नसून सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे आहेत, तेही गाडीच्या बॅटरीतल्या अ‍ॅसिडपेक्षा तीव्र. पुन्हा पंचाईत.

मंगळाचीही तीच तऱ्हा. मंगळावर ऋतूनुसार काळपट पट्टे वाढतात आणि कमी होतात. ती झाडोऱ्याची वाढ असावी असं अनेकांना वाटे. त्यात विल्यम सिंटन यांना १९५० च्या दशकात मंगळाच्या प्रकाशात अशा काही रेघा दिसल्या, ज्या वनस्पतींच्या वाटत होत्या. सगळे खूश. पण १९६५ मध्ये उलगडा झाला की त्या रेघा पृथ्वीच्याच हवेतल्या जड पाण्याच्या वाफेच्या होत्या. म्हणजे शेजारच्या घरात काय शिजतंय म्हणून वास घ्यावा आणि तो निघावा आपल्याच स्वयंपाकघरातला! चूक मान्य करणाऱ्या त्या निबंधावर स्वतः सिंटन यांचंही नाव होतं. आणि पट्टे? सेगन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स पोलॅक यांनी मांडलं की ती झाडं नव्हेत, वाऱ्याने इकडून तिकडे जाणारी धूळ आहे. मरिनर-९ ने १९७१-७२ मध्ये जवळून पाहिलं आणि धूळच निघाली.

आणखी एक किस्सा. १९६९ च्या ऑगस्टमध्ये मरिनर-७ मंगळाजवळून गेलं आणि त्याच्या इन्फ्रारेड उपकरणाच्या टीमने पत्रकार परिषदेत जाहीर केलं की दक्षिण ध्रुवाजवळ मिथेन आणि अमोनिया आहे. हे दोन्ही जीवसृष्टीशी जोडले जाणारे वायू. महिन्याभरातच दावा मागे घ्यावा लागला. त्या रेघा गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे ड्राय आइसच्या होत्या. तेव्हा २०२० मध्ये जे घडलं ते काही पहिल्यांदा घडलेलं नाही.

सेगन यांचं स्वतःचं आयुष्य सरळ रेषेत गेलं असंही नाही. पहिली पत्नी लिन मार्ग्युलिस या स्वतः मोठ्या जीवशास्त्रज्ञ. आपल्या पेशीतले मायटोकॉन्ड्रिया हे मुळात स्वतंत्र जिवाणू होते, हा विचार त्यांनी शास्त्रात रुजवला. पण घर आणि मुलांचा भार एकट्या लिनवर पडत गेला आणि १९६० च्या दशकात संसार मोडला. त्यानंतर १९६८ मध्ये हार्वर्डने त्यांना कायमची नोकरी नाकारली. शिकागोच्या दिवसांपासून ओळखणारे नोबेल विजेते हॅरॉल्ड युरी यांनीच त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं. तक्रार अशी की हा माणूस फार विषयांत लुडबुड करतो. (युरी यांनी नंतर माफी मागितली.) सेगन कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

१९७६ साली मंगळावर दोन व्हायकिंग यानं उतरली. त्यांच्या मोहिमेत सेगन होते. मातीला पोषक द्रव घालायचा आणि त्यातून काही वायू निघतो का पाहायचं, असे प्रयोग यानावर होते. एका प्रयोगात खरंच वायू निघाला! पण दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थांचा पत्ताच लागला नाही. बहुतेकांनी निष्कर्ष काढला की हे मातीचंच रसायन असावं. लहानपणी ज्या ग्रहाकडे हात पसरले होते त्या ग्रहाने तिसऱ्यांदा नकार दिला. सेगन यांना किती लागलं असेल, कल्पना करा. पण त्यांनी निकाल फिरवून सांगितला नाही. एवढंच म्हणत राहिले की दोन ठिकाणच्या मूठभर मातीवरून अख्ख्या ग्रहाचा निकाल लावू नये. (पुढे २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं, जे तापवल्यावर सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं. म्हणजे व्हायकिंगचा तो निकालही वाटला तितका पक्का नव्हता.)

मग लोकांना माहीत असलेले सेगन. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्या समितीचे ते प्रमुख. त्या तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठी आहे! शिवाय गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. केसरबाई गेल्या त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, व्हॉयेजर-१ उडाल्यानंतर काही दिवसांनीच. त्यांचा आवाज मात्र सूर्यमालेच्या बाहेर गेला. हे वाचून कॉलर ताठ झाली नाही तर नवलच. १९७८ मध्ये सेगन यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं, १९८० मध्ये तेरा भागांची 'कॉसमॉस' मालिका आली आणि ते घराघरांत पोहोचले. प्रसिद्धीची किंमतही मोजली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीने त्यांना सदस्यत्व नाकारलं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या प्रयोगाकडे. वायूवरून जीवसृष्टी ओळखायची कशी, याचा एक नियम जेम्स लव्हलॉक यांनी १९६० च्या दशकात मांडला होता. कुठला वायू आहे एवढंच बघू नका, कुठले वायू एकत्र आहेत ते बघा. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र राहू शकत नाहीत. हळूहळू एकमेकांना संपवतात. तरी दोन्ही दिसत असतील तर कुणीतरी ते सतत बनवतंय. मेसचं उदाहरण घ्या. रविवारी भजी असतात आणि रात्री नऊला, अख्खं हॉस्टेल जेवून गेल्यावरही परात गरम भज्यांनी भरलेली दिसली, तर आत कुणीतरी अजून तळतंय हे सांगायला आचाऱ्याला बघावं लागत नाही.

सेगन यांनी हा नियम तपासायचं ठरवलं, कुठे, तर पृथ्वीवर! गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून जाणार होतं. सेगन यांनी त्याच्या उपकरणांनी पृथ्वीकडे अनोळखी ग्रह म्हणून पाहिलं. इथे जीवन आहे हे आपल्याला माहीतच नाही असं धरायचं आणि फक्त रीडिंगवरून ते सिद्ध होतंय का बघायचं. भरपूर ऑक्सिजन दिसला. सोबत मिथेन, जो रसायनशास्त्राच्या हिशोबाने जवळजवळ नसायलाच हवा होता. जमिनीवर लाल प्रकाश शोषणारा रंगद्रव्याचा पट्टा दिसला, म्हणजे हिरवी पानं. आणि निसर्गात बनत नाहीत असे रेडिओ संदेश. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. निष्कर्ष, पृथ्वीवर जीवसृष्टी आहे!

हसू येतं ना? पण इंजिनीअरला हसू यायला नको. उपकरण अनोळखी ठिकाणी लावण्याआधी उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी ते कॅलिब्रेट करून घ्यायचं, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात. सेगन यांनी अख्ख्या ग्रहावर तेच केलं.

ते चुकलेच नाहीत असं नाही. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या, तेव्हा तो धूर वातावरणात उंच जाऊन दक्षिण आशियातली शेती बुडवेल अशी भीती त्यांनी व्यक्त केली होती. म्हणजे आपल्या मान्सूनचीच गोष्ट. धूर तेवढा वर गेला नाही. आपल्या शेवटच्या पुस्तकांपैकी एकात त्यांनी ही चूक स्वतःच्या नावाने छापली. ज्याला दुसऱ्यांच्या दाव्यांना पुरावा मागायचा आहे त्याने आपला दावा फसल्यावर गप्प बसू नये, हे त्यांना मान्य होतं.

शेवटची दोन वर्षं आजारपणात गेली. रक्तपेशी बनवणाऱ्या मज्जेचा आजार, बहिणीने दिलेली बोन मॅरो, पुन्हा पुन्हा उपचार. ऑगस्ट १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या एका उल्केत जिवाणूंच्या खुणा असल्याची बातमी आली. आयुष्यभर वाट पाहिलेली बातमी, हातात वेळ थोडा. कुणीही म्हणालं असतं की बास, मिळालं. सेगन यांनी आनंद व्यक्त केला आणि पुरावा अजून पुरेसा नाही हेही सांगितलं. दावा जेवढा मोठा तेवढा पुरावा भक्कम हवा, हा नियम त्यांनी स्वतःसाठीही मोडला नाही. २० डिसेंबर १९९६ ला, ६२ व्या वर्षी, सिॲटलमध्ये ते गेले. पुढच्याच जुलैत पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि त्या जागेला त्यांचं नाव देण्यात आलं. हात पसरलेला मुलगा शेवटी मंगळावर पोहोचला, निदान नावाने तरी.

मग फॉस्फीनचं काय झालं? बातमीनंतर काही आठवड्यांतच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती रेघ काढताना बारा अंशांची पॉलिनॉमियल वापरली होती, आणि इतक्या वाकड्या कर्व्हने नॉइजमधूनही रेघ 'निर्माण' होऊ शकते. (कर्व्ह फिटिंग कुठे कामाला येतं, असं पुन्हा विचारू नका!) काहींच्या मते तो सल्फर डायऑक्साइड असावा. दुर्बिणीच्या कॅलिब्रेशनमध्येही गडबड निघाली आणि ती सुधारल्यावर मूळ टीमचाच आकडा बराच खाली आला. विमानातून पाहणाऱ्या सोफिया दुर्बिणीला फॉस्फीन दिसलाच नाही. २०२४ मध्ये मात्र तो पुन्हा दिसल्याचा दावा झाला, सोबत अमोनियाची शक्यताही. आणि समजा फॉस्फीन खरा असला तरी? गुरू आणि शनीवर तो आहेच, कुठल्याही जिवाणूंशिवाय. मंगळाच्या मिथेनचंही असंच भिजत घोंगडं. क्युरिऑसिटी रोव्हरला २०१९ मध्ये अब्जात २१ भाग मिळाला, आणि वरून फिरणाऱ्या युरोपच्या यानाला जवळजवळ शून्य. आपल्या मंगळयानानेही मिथेनचा सेन्सर नेला होता, त्यावरून या प्रश्नाचं महत्त्व कळेल.

तेव्हा शेजारच्या ग्रहावरचा वायू जीवसृष्टीची खूण आहे का? माझं उत्तर असं, की एकटा वायू कधीच नाही. तो खरंच आहे का, तो आपल्याच उपकरणातून किंवा हवेतून आला नाही ना, दगडमातीच्या रसायनाने तो बनू शकत नाही ना, आणि जो टिकायला नको तो टिकतोय का... एवढे चार प्रश्न पार झाले तरच पुढे बोलायचं. आजवर एकही वायू चारही प्रश्नांच्या पार गेलेला नाही.

काहींना हे निराशाजनक वाटेल. मला वाटत नाही. ज्याला उत्तराची काहीच पडलेली नाही त्याला प्रामाणिक राहणं सोपं असतं. सेगन यांना 'हो' हे उत्तर जिवापाड हवं होतं, आणि तरी त्यांनी आयुष्यभर 'अजून नाही' असंच सांगितलं. उद्या आपल्यापैकी कुणी पुलाची टेस्ट घेईल, कुणी औषधाच्या प्लांटमध्ये रीडिंग लिहील, कुणी सॉफ्टवेअर पास की फेल ठरवेल. हवं असलेलं उत्तर तिथेही समोर उभं असेल. तेव्हा हा माणूस आठवला तरी पुरे.